आखाजीची मुराळी

नाशिक, धुळवड

सरले,

वर आशीर्वाद लिहायचा असतो. लिहावा की नाही ते ठरत नाही, म्हणून तेवढी जागा मोकळी सोडली आहे. तुझं वागणं बघून भरेन.

अक्षर ओळखलंस का? तुझीच आई, बयाबाई. शाळा तिसरीपर्यंत, त्यातही कांदे लावायचे दिवस आले की मी वाफ्यात आणि बाकीच्या वर्गात. तेव्हा चुका काढत बसू नकोस. तुमच्या गावाचं नाव तेवढं पाठ आहे, कारण नजीरच्या ट्रकच्या पाठीवर ते लाल रंगात लिहिलेलं असायचं. तो नामपूरच्या बाजारात कांदे भरायला यायचा आणि माझ्या हातचा चहा प्यायचा, वर साखर मागून. एक दिवस साखर मागायला कोणी आलं नाही आणि घरात लेकही नव्हती.

असो. पत्र भांडायला लिहिलं नाही. आनंदाची बातमी द्यायची आहे. मी समुद्र बघायला चालले आहे! आणि गाडीतून बघून, भेळ खाऊन परत, असं नाही. पायी. किनाऱ्या-किनाऱ्याने, चार-पाच दिवस, पाठीवर सामान घेऊन, रात्री कोणाच्या तरी पडवीत निजायचं. निकिता नेते आहे. निकिता म्हणजे ज्ञानेशची मुलगी, तुझी भाची. तू गेलीस तेव्हा रांगत होती. आता अंबडला कंपनीत जाते आणि सुट्टी मिळाली की डोंगर चढते. खाली उतरायचंच असतं तर चढायचं कशाला, हे मला कधी कळलं नाही. पण समुद्राचं कळलं. तो सपाट आहे.

झालं असं, की ती आणि तिची मैत्रीण हर्षाली जमिनीवर नकाशा पसरून बसल्या होत्या. दापोलीच्या खालचा किनारा. मी लसूण सोलत होते. हर्षाली म्हणाली, "आजी, येता का आमच्याबरोबर?" थट्टेत. मी म्हटलं, "कधी निघायचं?" दोघी हसल्या. मग माझ्याकडे बघितलं आणि हसायच्या थांबल्या.

ज्ञानेशला देवदर्शन सांगितलं आहे. कोणता देव ते त्याने विचारलं नाही.

तुझा बाप गेला ते तुला ठाऊक आहेच. पौषात. ज्ञानेशने तुला निरोप धाडला होता. दहाव्याला रामकुंडावर सगळी भाऊबंदकी आली. ज्यांनी जन्मात त्याला पाणी विचारलं नाही ते पण पांढऱ्या टोप्या घालून आले. तू नाही आलीस. रागावून गेलेली माणसं पण बापाच्या दहाव्याला येतात. लिहिणार नव्हते. लिहिलं गेलं.

तर तुमचं गाव आमच्या वाटेत येतं. त्याला माझा इलाज नाही. किनारा काही मी आखलेला नाही. खाली निकिताचा फोन नंबर लिहिते. फोन कर असं म्हणत नाही. कागद उरला म्हणून लिहिते.


नाशिक, पाडवा

सरले,

तुझा फोन नाही. मी वाट बघितली असं समजू नकोस, मला वेळ कुठे आहे?

यंदा वर्षाच्या आत म्हणून आमच्याकडे गुढी नाही. सगळ्या बिल्डिंगीच्या गुढ्या बघत मी सकाळी चालायला गेले. तालीम करते आहे. निकिता म्हणाली, वाळूत चालणं वेगळं, पोटऱ्या भरून येतात. इथे नाशिकात वाळू कुठली? मग मला शेजारचं नवं बांधकाम आठवलं. वाळूचा हा एवढा ढीग. रोज सकाळी मी त्या ढिगावर चढते, उतरते, पुन्हा चढते. पहिल्या दिवशी वॉचमन धावत आला.

"ओ आजी, काय हरवलं का?"

"काही नाही रे बाबा, समुद्राला जायचंय."

तो मागे सरला आणि फोन काढून कोणाला तरी म्हणाला, एक बाई हे, घरचा नंबर सांगत नाय. आता ओळख झाली आहे. तो पण सटाण्याकडचाच निघाला, भिका नाव. तुझ्या बापाचंच नाव. मी त्याला नावाने हाक मारत नाही, वॉचमनदादा म्हणते. परवा तो आपल्या बोलीत म्हणाला, "काय व माय, आज समुद्र लवकर भरना का?" लय हसले मी. कितीतरी दिवसांनी.

बूट घेतले आहेत. नाडीचे. लुगड्याखाली बूट बघून सूनबाई स्वयंपाकघरात गेली आणि तिथे जाऊन हसली. हसू दे. पण तिनेच हळूच सॅकमध्ये गुडघ्याचं तेल ठेवलं आहे.

सॅकचं निकिताशी रोज भांडण. ती म्हणते वजन कमी कर. मी म्हणते, काय काढू ते सांग. लुगडी दोन, पांघरूण एक, आणि दशम्या. दशम्या दुधात मळल्या की चार दिवसांना मरण नाही. बरोबर शेंगदाण्याची चटणी, कांदे. ती म्हणते, "आजी, तिकडे घराघरात जेवण मिळतं, माशाचं सोड, भात-आमटी मिळते." मी म्हटलं, वाटेत जेवू, पण एका घरी मी माझंच खाणार.

ते घर कोणतं ते तिने विचारलं नाही. तू पण विचारू नकोस, मीच सांगते. आपल्यात लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरचं खात नाहीत. तुला मूल झाल्याचं कधी कोणी कळवलं नाही, म्हणजे नसणार. म्हणून दशम्या. नजीरच्या घरचं नको म्हणून नव्हे. हे मुद्दाम लिहून ठेवते, नाहीतर तू फणकारशील. तुझं नाक मी ओळखते, माझंच आहे.

हो, मी तुझ्या घरी येते आहे. वाटेत गाव आहे ते खोटं. वाट मीच तशी काढायला लावली. निकिताला आणखी खाली चालत जायचं होतं, दीपस्तंभ बघत. मी म्हटलं, इथे संपवायचं.

आता ऐक. दहाव्याला रामकुंडावर पिंड ठेवला. कावळा येईना. आला तर झाडावर बसून मान वाकडी करी. गुरुजी म्हणाले, कोणाची काही इच्छा राहिली असेल तर बोला. ज्ञानेश हात जोडून म्हणाला, "बापू, आईला सांभाळीन." कावळा हलला नाही. "शेत विकणार नाही." नाही. "रोज देवाला दिवा लावीन." कावळ्याने पंख साफ केले. ऊन चढलं, लोकांचे पाय भाजायला लागले. मग मीच पुढे झाले आणि म्हटलं, "सरलेला यंदा आखाजीला आणीन." सरले, तो कावळा झाड सोडून सरळ भातावर येऊन बसला. सगळ्यांसमोर.

वीस वर्षं ज्या माणसाने तुझं नाव घरात काढू दिलं नाही, तो मेल्यावर कावळ्याच्या तोंडून बोलला. जितेपणी बोलला असता तर आपल्या तिघांचं आयुष्य वाया गेलं नसतं. मला त्या कावळ्याला दगड मारावासा वाटला.

तर शब्द दिला आहे आणि तो पाळायचा आहे. आखाजीला, निकिताच्या भाषेत अक्षय्य तृतीयेला, लेकीला आणायला मुराळी जातो. भाऊ जातो, बाप जातो, नाहीतर भाच्याला धाडतात. तू गेल्यावर निरोप धाडला होतास, माहेरचा मुराळी दारात आल्याशिवाय मी उंबरा ओलांडणार नाही. कोणी आलं नाही. बाप अडून बसला, भाऊ त्याच्या आडून बसला, तू तिकडे अडून बसलीस आणि मी मध्ये भाकरी थापत राहिले. आता मुराळी मीच. बाई कधी मुराळी झाली होती का, ते मला विचारू नकोस. बूट घालून लुगडं नेसलेली बाई तरी कोणी बघितली होती?

चैत्री पुनवेला, हनुमान जयंतीला, तुमच्या खाडीवर पोचतो. पुनव मी निवडली, चांदणं असतं म्हणून. निकिता म्हणाली खाडी ओलांडायची आहे, पाणी बघायला हवं. मी म्हटलं, चैत्रात कसलं पाणी? आपली मोसम नदी पाडव्यालाच कोरडी पडते, पोरं त्यात क्रिकेट खेळतात.

सॅकच्या तळाला आणखी एक वस्तू आहे. जड आहे. ती काय ते निकितालाही सांगितलेलं नाही. तिला म्हटलं, पांघरूण जाडं आहे.


नाशिक, रामनवमी

सरले,

आज दुपारी निकिताचा फोन वाजला. तिने ऐकलं आणि तिचा चेहराच बदलला. फोन मोठ्या आवाजावर लावून माझ्यासमोर धरला.

"मी रिदा बोलतेय. सरलाची मुलगी."

मी म्हटलं, "कोणाची?"

"सरलाची. तुम्हाला आजी म्हणू की नानी?"

"काहीही म्हण गं, पण जरा थांबून म्हण. मला खाली बसू दे."

बारावीची परीक्षा देऊन बसली आहे म्हणाली. बारावी! आवाज कोकणी, हेल काढून बोलते, पण मध्येच एक शब्द तुझा येतो. 'गुमान' म्हणाली. तो आपला शब्द आहे, किनाऱ्यावरचा नाही. मी विचारलं, आई कुठे आहे? म्हणाली, "इथंच आहे. पाठ करून भाजी चिरतेय. तिनं सांगितलंय तेवढंच सांगते."

मग तिने सांगितलं. पहिलं, बापू गेल्याचं कोणी कळवलं नाही. तुमच्या पत्रातून कळलं. दुसरं, पुनवेला येऊ नका. त्या दिवसांत ऐन दुपारी उधाण असतं, खाडी दोन पुरुष भरते. अष्टमीला या. तेव्हा दुपारी पाणी उतरलेलं असतं, भरतीला जोर नसतो, गुडघाभर पाण्यातून चालत येता येतं. तिसरं, दशम्या आणू नका.

मी म्हटलं, "आणि आखाजीचं?"

ती थांबली. मागे सुरीचा आवाज पण थांबला. मला ऐकू आलं. मग म्हणाली, "त्याचं काही बोलली नाही."

सरले, दशम्या आणू नका, हे तू काय म्हणालीस ते मला कळलं. मूल आहे, तेव्हा माझ्या घरचं खा. एका वाक्यात सांगून टाकलंस. पण मी रात्रीपर्यंत नुसती बसून आहे. एवढी नात! तिचं बारसं झालं, दात आले, शाळेत गेली, आजारी पडली असेल, आणि मी इथे देवळात जाऊन लेकीला मूल होऊ दे म्हणून नारळ फोडत होते. पहिलं बाळंतपण माहेरी असतं. तुझं कोणी केलं? तुला डिंकाचे लाडू कोणी दिले? सासूने केलं असेल तर तिचं भलं होवो, आणि मला तिचा राग पण येतो.

एक ओळ लिहिता आली नाही तुला? बापाला नको लिहूस. मला?

दशम्या रद्द केल्या आहेत. पीठ परत डब्यात ओतलं. निकिता म्हणाली, "आजी, सॅक हलकी झाली, तुला आनंद नाही का झाला?" झाला. ओरडून सांगावंसं वाटतं एवढा झाला. वॉचमनदादाला सांगून पण आले, मला बारावीतली नात आहे म्हणून. त्याने विचारलं, "कधी झाली?" मी म्हटलं, आज.


नाशिक, हनुमान जयंती

सरले,

आज तुमच्या खाडीवर पोचलो असतो. तुझं ऐकून थांबलो. दुपार मी घरातच काढली आणि मनात म्हणत राहिले, आत्ता तिकडे खाडी भरली असेल.

ज्ञानेशला विचारलं. जेवताना.

"सरलेला निरोप कोणाच्या हाती धाडला होतास?"

"कसला निरोप?"

"बापू गेल्याचा."

तो वरणाकडे बघत राहिला. "धाडून काय झालं असतं?"

"आली असती."

"म्हणूनच नाही धाडला," तो म्हणाला. "सगळ्या पावण्यांसमोर तो नजीर उभा राहिला असता रामकुंडावर. मला भावकीत तोंड दाखवायचंय."

सूनबाईने भाताचं भांडं जरा जोरात ठेवलं.

मी तुला पहिल्या पत्रात काय काय लिहिलं, आठवतं ना? ते तुला लागलं असेल. त्याच्या खोट्यावर मी तुला शिव्या घातल्या. ते शब्द परत घेता येत नाहीत, टपालात गेले. पण राग मी टाकला नाही, फक्त त्याचं दार बदललं आहे.

मग त्याला देवदर्शनाचं खोटं पण कळलं. कळणारच होतं. "वर्षश्राद्ध झालं नाही अजून आणि तू समुद्रावर हिंडणार? आणि तिला आणणार? आखाजीला बापूंच्या नावाने पितरांची पहिली घागर भरायची आहे. चार लोक जेवायला येतील."

"तिच्याही बापाची आहे ती घागर."

"आणायची तर आण," तो म्हणाला, "पण या दारात नाही."

"मग नामपूरच्या घराची किल्ली दे."

"किल्ली मिळणार नाही."

मी किल्ली दुसऱ्यांदा मागितली नाही. तू पण मागितली नसतीस.

निकिता उठून हात न धुता आतल्या खोलीत गेली आणि माझ्या बुटांच्या नाड्या ओवत बसली. बापाला ऐकू जाईल असं म्हणाली, "आजी, सोमवारची गाडी पकडायची." ही पोर कोणावर गेली आहे ते मला माहीत आहे. लिहीत नाही.


खाडीच्या अलीकडे, सप्तमीची संध्याकाळ

सरले,

हे पत्र टपालात टाकणार नाही. उद्या दुपारी हातात देईन. तोंडाने बोलायला लागले की आपलं भांडण होईल, म्हणून आधी हे वाच आणि मग मला पाणी दे.

समुद्र बघितला. लोक म्हणतात तसा मोठा आहे, त्याचं काही नाही, कांद्याचं शिवारही मोठं असतं. पण तो परत येतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सकाळी वाळू, दुपारी पाणी, संध्याकाळी पुन्हा वाळू. पहिल्या दिवशी मी लहान पोरीसारखी त्याच्यामागे पळाले आणि तो माझ्यामागे. बुटांत वाळू भरली. दुसऱ्या दिवसापासून बूट गळ्यात अडकवून अनवाणी चालले. पोटऱ्यांना काही झालं नाही. तो बांधकामाचा ढीग कामाला आला. हर्षालीच्या पायाला फोड आले, तिला मीच तेल लावलं. एका घरी बाईने उकड्या तांदळाचा भात आणि कुळथाची पिठी वाढली. मी तीनदा घेतली. लेकीकडे चालले आहे म्हटल्यावर तिने वरून तूप घातलं, आणि लेक कोणाकडे दिली ते विचारलं नाही.

तुमचं गाव इथून दिसतं. एक हिरवी मशीद, मागे माडांची रांग. कोणतं घर तुझं ते कळत नाही. एका घरातून धूर निघतो आहे, मी ठरवलं ते तुझं.

आता खरं लिहिते. मुराळी आला की लेकीला माहेरी नेतो. मी मुराळी झाले, एवढा किनारा तुडवला, आणि तुला न्यायला माझ्याकडे घर नाही. नाशिकच्या दारात ज्ञानेश उभा आहे. नामपूरच्या घराला कुलूप. पुढचा निंब, ज्याला दर आखाजीला तुझा झोका असायचा, तो त्याने दोन वर्षांपूर्वी गाडी लावायला तोडला. तुझा बाप तेव्हा दिवसभर जेवला नाही, आणि का ते बोलला नाही. त्या माणसाने सगळं न बोलता केलं, तेच आपल्याला भोवलं.

सॅकच्या तळाला काय आहे ते सांगते. झोक्याचा दोर. तुझाच, अंबाडीचा, त्याने वळलेला. तू गेल्यावर मी तो विहिरीला वापरायला काढला होता, तर माझ्या हातातून ओढून घेतला. दर आखाजीला खाली काढायचा, पीळ बघायचा, तेल लावायचा आणि परत खुंटीला टांगायचा. निकिता लहानपणी रडली तरी तिला बसू दिलं नाही. मी विचारलं, कोणासाठी ठेवता? म्हणाला, दोर आहे, असू दे.

काल निकिताने माझी सॅक उचलली आणि तिला कळलं. दोर काढून स्वतःच्या सॅकमध्ये घातला. आज चढावर मी मागितला तर म्हणाली, "माझ्या आत्याचा आहे."

तर आखाजीला मी परत जात नाही. ज्ञानेश तिकडे चार लोक बसवून घागर भरेल. भरू दे. मी इथे तुझ्या दारात भरीन. खारट नको, तुमच्या विहिरीचं गोडं पाणी दे, तो खारट प्यायचा नाही. आमरस कर. तुमच्याकडचे आंबे चांगले असतात म्हणतात, खाऊन सांगेन.

उद्या माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस. पाठ करून भाजी चिर. रिदा बोलेल, मी बोलेन, आमचं दोघींचं तुंबलेलं आहे. नजीरला सांग, साखर मी बरोबर आणली आहे.

फक्त दोर पेलेल असं एक झाड बघून ठेव. आंबा, चिंच, काहीही. मी वाटभर बघत आले. नुसते माड आहेत, आणि माडाला फांदी नसते.